जनूशेठच्या आवडत्या बिअरविषयी खरी हकीकत

जनूशेठ म्हात्रे बिअर पिण्याआधी ती ऐकतात.

छपाईची चूक झालेली नाही. ग्लास भरला, फेस दोन बोटांवर स्थिरावला, की ते ग्लास उचलून उजव्या कानाशी धरतात, डोळे मिटतात आणि देवळातल्या पुजाऱ्याने कौल ऐकावा तसे क्षणभर स्तब्ध राहतात. मग "बोलतंय" एवढेच म्हणून पहिला घोट घेतात. ज्या दिवशी बिअर बोलत नाही, त्या दिवशी ग्लास तसाच खाली ठेवला जातो आणि परमिट रूमचा मालक लगेच दुसरी बाटली उघडतो.

भिवंडीत या सवयीचा खुलासा असा करतात की, तरुणपणी लूमच्या खडखडाटात जनूशेठना बहिरेपण आले आणि ग्लास कानाला लावणे हा त्याचाच परिणाम. हे धादांत खोटे आहे. त्यांची आणि माझी भिंत एक आहे. भिंतीच्या अलीकडे मी त्यांच्याविषयी पुटपुटलेले त्यांना पलीकडे ऐकू येते आणि दुसऱ्या दिवशी ते त्याचे उत्तरही देतात. बहिऱ्या माणसाला हे जमत नाही.

मी कोण, हेही सांगून टाकतो. मी निवृत्त शिक्षक. बिअरचा थेंबही मी आयुष्यात घेतलेला नाही. त्यामुळे या विषयात माझी साक्ष ग्राह्य नाही, असे काही अर्धवट लोक म्हणतात. वस्तुस्थिती उलट आहे. शनिवारी संध्याकाळी परमिट रूममध्ये जनूशेठच्या टेबलावर अखेरपर्यंत शुद्धीवर असणारा एकमेव माणूस मी असतो. माझ्यासमोर लिंबू-सोडा असतो आणि माझी स्मरणशक्ती शाबूत असते. बाकीच्यांनी काय पाहिले हे त्यांना दुसऱ्या दिवशी इतरांकडून कळते.

जनूशेठचे वडील वळ गावचे शेतकरी. पुढे त्यांनी भिवंडीत लूमचा कारखाना टाकला, आणि जनूशेठनी वळच्या जमिनीवर गोदामे उभी केली. आता भाडे येते, मुलगा हिशेब पाहतो आणि जनूशेठकडे वेळ उरतो. तो वेळ त्यांनी बिअरच्या अभ्यासाला दिला. मात्र कारखान्याची ताण्याबाण्याची, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची, भाषा तोंडातून गेली नाही. कापडाचा तागा अंगठ्याखाली घासून पाहावा तसा ते घोट जिभेखाली घासतात आणि निकाल देतात, "हिचा ताना बरा हाय, मास्तर, पन बाना सुटलाय."

त्यांची मते पक्की आहेत. बर्फात पुरलेली बाटली त्यांना चालत नाही. "लय थंड केली का मुकी व्हते." शेंगदाणे टेबलावर आले तर ते दुसऱ्या टेबलाकडे सरकवतात, कारण "शेंगदाना बिअरला मधी बोलू देत न्हाय." सोबत काही हवेच असेल तर भाजलेला सुका बोंबील, तोही अर्धा. एकदा कुणी कौतुकाने स्ट्राँग बिअर पुढे केली. जनूशेठनी ती हुंगून परत दिली. "ही बिअर न्हाय, ही घाई हाय."

आणखी एक गोष्ट फक्त मला ठाऊक आहे, कारण टेबलाखाली पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. घोट वाईट लागला की जनूशेठचा चेहरा काही सांगत नाही. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेतून वर उठतो आणि घोट खाली उतरेपर्यंत तसाच ताठ उभा राहतो. मी वर्गात कॉपी पकडण्यात हयात घालवली आहे. माणूस तोंड सांभाळतो, पाय विसरतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आमच्याकडे हळद हा लग्नापेक्षा मोठा समारंभ. लग्नात काय जेवलो ते लोक विसरतात. हळदीला कोणती बिअर होती ते मात्र नातवंडांना सांगतात. म्हणून हळद ठरली की घरातला कर्ता माणूस जनूशेठच्या ओटीवर येतो. "शेठ, कनची ठेवू?" जनूशेठ माणसाकडे एकदा पाहतात आणि नाव सांगतात. त्यांनी सांगितलेल्या बिअरला मंडपात नावे ठेवण्याची कुणाची हिंमत होत नाही.

गंमत अशी की ते प्रत्येकाला वेगळी बिअर सांगतात, आणि प्रत्येक वेळी "माजी आवडती हीच" असे छातीवर हात ठेवून सांगतात. यावरून गावात दोन तट पडले. एक तट म्हणतो, दुकानदार त्यांना पैसे चारतात. ज्याच्या गोदामाचे एका महिन्याचे भाडे त्या दुकानदाराने वर्षभरात पाहिलेले नाही, त्याला तो काय चारणार? दुसरा तट म्हणतो, शेठला चवच कळत नाही, तोंडाला येईल ते नाव सांगतात. हा तट अधिक मोठा आणि अधिक मूर्ख आहे. दोन्ही तटांनी सुमनबाईंच्या मुलाच्या हळदीची जी हकीकत पसरवली आहे ती चुकीची आहे. मी तिथे होतो. लिंबू-सोडा पीत होतो.

सुमनबाईंचे खरे नाव सुमन नाही. ज्या बाटलीचा उल्लेख मी पिवळ्या लेबलाची म्हणून करणार आहे तिचे लेबलही पिवळे नाही. यामागचे कारण शेवटी वाचकांच्या लक्षात येईल.

सुमनबाईंचे यजमान मुलगा लहान असताना गेले. बाईंनी शिवणकाम करून, पडघ्याच्या बाजारात भाजी विकून त्याला वाढवले. दिरांनी, म्हणजे मधुकररावांनी, या काळात भावजयीला काही विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण पुतण्याची हळद ठरली तशी त्यांची माया एकाएकी जागी झाली. पाहुण्यांत आपले नाव मोठे व्हावे म्हणून त्यांनी टेम्पो भरून परदेशी बिअर मंडपाच्या दारात आणून उभी केली. सोबत स्वतःचा फोटो असलेला फलक. सुमनबाईंनी आपल्या ऐपतीप्रमाणे पिवळ्या लेबलाची बिअर आधीच आणून ठेवली होती. अर्थात जनूशेठना विचारून.

"वहिनी, ह्यो टेम्पो खाली करायला सांग," मधुकरराव भर मंडपात म्हणाले. "ती पिवली तं आमचे ड्रायवर पन पीत न्हायत. चार लोकांत आमची इज्जत काय ऱ्हाईल?"

सुमनबाई हळदीच्या हातांनीच पुढे आल्या. "भावजी, माज्या पोराची हलद हाय. माज्या घरचा पानी पियाचा आसंल तं बसा. दुसऱ्याच्या खोक्यांव माजा पोरगा नाचनार न्हाय."

बेंजोवाले थांबले. धवला, म्हणजे हळदीची पारंपरिक गाणी, म्हणणाऱ्या बायका वळून पाहू लागल्या. नवरा मुलगा पाटावर हळदीने माखलेला, काकाकडे पाहावे की आईकडे, या विवंचनेत. बाईंचा आवाज स्थिर होता. हात मात्र पदराला पुसता पुसता तिथेच अडकले होते. मला दिसत होते की आज तो टेम्पो खाली झाला, तर इतक्या वर्षांच्या कष्टांवर मधुकररावांचा फलक लागणार.

"ती बिअर मी सांगितली," खुर्चीतून आवाज आला. जनूशेठ.

मधुकरराव हसले. "शेठ, तुमच्याव इस्वास हाय. पन मग होऊन जाऊ द्या. डोल्यांव रुमाल बांधा. मी सोता तीन गिलास भरून आनतो, पिवली, माजी आन बाजारातली एक. तुमी बोलाल ती चांगली. पिवली निघाली तं माजा टेम्पो माघारी. न्हाय निघाली तं वहिनीनी गपचूप बाजूला व्हयाचा."

"आन," जनूशेठ म्हणाले.

येथून पुढे लोकांच्या हकीकती फुटतात. कुणी म्हणतो, सुमनबाईंनी बांगड्या वाजवून खूण केली. बाईंच्या हातात त्या वेळी बांगड्या नव्हत्या, ओली हळद होती. कुणी म्हणतो, मधुकररावांच्या ड्रायव्हरने मालकावरच्या रागाने ग्लास बदलले. ड्रायव्हर रस्त्यापलीकडे गाडी वळवत होता. मी त्याचा हॉर्न ऐकला. बहुमत म्हणते, नशीब. तीन ग्लासांतून एक उचलायचा, लागला नेम.

मी शेजारच्या खुर्चीवर होतो आणि मी पाय पाहत होतो.

पहिला ग्लास. जनूशेठनी तो कानाशी धरला, घोट घेतला आणि खाली ठेवला. पाय निवांत. ही मधल्या दर्जाची, बाजारात सगळीकडे मिळणारी. दुसरा ग्लास. घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवायला विसरले. पुन्हा एक घोट घेतला. रुमालाखालचा चेहरा असा सैलावला की जणू परगावी राहिलेले कुणी खूप दिवसांनी भेटले. दोन्ही पाय जमिनीवर सपाट, तृप्त. मधुकररावांची परदेशी बिअर ती हीच. आणि सांगायला मला त्रास होतो, पण ती उत्तम असली पाहिजे. मग तिसरा ग्लास. घोट आत गेला, आणि उजवा अंगठा चपलेतून ताडकन उभा राहिला.

"हीच," जनूशेठ गरजले. "हिच्या तान्याला ताना हाय, बान्याला बाना! पयली ठीक. दुसरी…" इथे त्यांचा आवाज किंचित घसरला, तो फक्त मला जाणवला. "दुसरीत काय दम न्हाय."

आणि तिसरा ग्लास त्यांनी एका दमात, अंगठा ताठ ठेवून, रिकामा केला.

रुमाल सुटला, बाटल्या पुढे आल्या, आणि तिसरी पिवळी निघाली. पुढचा गोंधळ वर्णन करण्याच्या पलीकडे होता. बेंजो सुरू झाला, टेम्पो माघारी गेला, आणि सुमनबाई त्या हळदीच्या हातांनी जनूशेठच्या पाया पडल्या. त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर पिवळे ठसे उमटले. ज्याला चव कळत नाही त्याचा नेम लागतो, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो: ज्याला तिन्ही चवी पहिल्या घोटात कळतात आणि तरी जो तिसरी उचलतो, त्याला काय म्हणाल?

त्या दिवशी मला सगळ्या हळदींचा उलगडा झाला. भाजीवालीला पिवळी, गाळेवाल्याला हिरवी, डॉक्टरला महागडी. ओटीवर आलेल्या माणसाकडे जनूशेठ एकदा पाहत, ते त्याला कोणती झेपेल हे पाहत. जी झेपेल तीच त्यांची आवडती.

मात्र भर मंडपात दिलेला निकाल मागे घेता येत नाही. पिवळी ही जनूशेठची आवडती, असे पडघ्यापासून कल्याणपर्यंत पसरले. परमिट रूममध्ये ते दिसले की न विचारता पिवळी उघडली जाऊ लागली. दिवाळीला भाडेकरूंकडून पिवळीची खोकी आली. वाढदिवसाला मुलाने तीच आणली. घरात, दारात, लग्नात, बारशात, जनूशेठ पिवळी पीत होते आणि टेबलाखाली अंगठा उभा होता. शिवाय कुणी त्यांच्याशी वादही घालेना. आधी निदान "शेठ, ती हिरवी बरी न्हाय का?" असे विचारणारे भेटत. आता सगळे फक्त माना डोलावत.

एका रविवारी दुपारी ते भाजीची पिशवी घेऊन माझ्या घरी आले. पिशवीत मेथीखाली बाटली होती. दुसऱ्या ग्लासातली ती परदेशी, ठाण्याहून, ओळखीचे कुणी भेटणार नाही अशा दुकानातून आणलेली.

"मास्तर, तुमच्याकडं कोन संशय घेनार न्हाय."

आमच्या सौभाग्यवतींनी मेथी ठेवून घेतली आणि कपाळाला आठी घालून ग्लास आणून दिला. जनूशेठ आमच्या ओटीवर बसले, एक घोट घेतला आणि बोलू लागले. कोणती बिअर कशी, कोणत्या हळदीत काय खोटे सांगितले, पिवळी किती वाईट. "भांडी इसळलेला पानी, मास्तर." मी म्हणालो की, एवढे वाईट काही विकले जाणे शक्य नाही. ते उसळून भांडायला लागले. त्यांना इतके खूश मी क्वचितच पाहिले आहे. तेव्हापासून रविवार ठरून गेला.

परवाच्या रविवारी फाटक वाजले. सुमनबाई. मुलाला मुलगी झाली होती, पेढे घेऊन त्या जनूशेठच्या घरी गेल्या होत्या आणि तिथल्या सुनेने त्यांना इकडे पाठवले होते. एका हातात पेढे, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली पिवळी.

जनूशेठनी आपला नुकताच भरलेला ग्लास आणि ती उंची बाटली एका हाताने माझ्यापुढे सरकवली. "मास्तर पितायत," ते म्हणाले. "मी आपला बसलोय."

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या मुलाला मी शिकवले आहे. निर्व्यसनीपणावर त्याच्याकडून निबंध लिहून घेतला आहे. या प्रसंगावरून गावात माझ्याविषयी जी हकीकत फिरते आहे, ती एवढी एक मी खोडून काढलेली नाही. मी ग्लासाभोवती हात ठेवला आणि म्हणालो, "उकडतंय फार."

"शेठ, तुमची आवडती आनलीय," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः बाटली उघडून ओतली आणि पदराचे टोक धरून उभ्या राहिल्या.

"हिला तोड न्हाय, सुमन," जनूशेठ म्हणाले. "नातीचा नाव काय ठेवताव?"

बाई भरभरून बोलल्या. ते घोट घेत, मान डोलावत ऐकत राहिले. अखेरीस त्या निघाल्या. मी माझ्यापुढचा ग्लास जनूशेठकडे परत सरकवला. फेस उतरत आला होता, पण बरीच शिल्लक होती. जनूशेठनी तिकडे पाहिले नाही. त्यांनी पिवळीचा ग्लास पुन्हा काठोकाठ भरला आणि रस्त्यावरून दिसेल असा उंच धरला.

"गेली ती," मी म्हणालो. "आता कशाला?"

"वलनाव मागं बघंल, मास्तर," ते म्हणाले, आणि घोट घेतला.