चाळीस सूचना आणि एक फोटो

बाबा आयुष्यात कधी काही विसरले नव्हते. निदान ते स्वतः तसं सांगत. आणि दर दोन दिवसांनी सांगत, कारण मागच्या वेळी सांगितलेलं त्यांना आठवत नसे! ऑफिसात ते नियोजन विभागाचे प्रमुख. घरात त्यांना कोणी फारसं विचारत नसे, तरी तिथेही आपणच प्रमुख, अशी त्यांची ठाम समजूत.

त्यांची लेक ठमी सातवीत होती. डोकं तल्लख, पण छापील अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे उड्या मारत, आणि कामांची यादी दिली की आधी यादीच हरवे. डॉक्टरांच्या पत्रावर शाळा तिला परीक्षेत अर्धा तास जास्त देई. मात्र पत्र प्रत्येक पेपरला दाखवायचं. मागच्या पेपरला ते घरीच राहिलं, निम्मा पेपर कोरा गेला आणि पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. बाबांच्या ते फार मनाला लागलं होतं.

गुरुवारी अकराला इतिहासाचा पेपर. बुधवारी संध्याकाळी बाबांनी बाह्या सरसावल्या.

"यापुढे तुझा मोबाइलच तुला सगळी आठवण करून देणार. तीही माझ्या आवाजात!"

"बाबा, मला फोटो पुरतो रे," ठमी म्हणाली. दप्तरात जायचं ते सगळं ती आदल्या दिवशी पलंगावर मांडून मोबाइलने फोटो काढायची आणि सकाळी निघताना फोटोशी एकेक वस्तू जुळवायची. आजचा फोटो तिने काढूनही ठेवला होता.

"फोटो? आपण काय सहलीला निघालोय? हे काम शास्त्रशुद्ध व्हायला हवं!"

आणि बसले की रेकॉर्ड करायला! 'पाणी प्यायलीस का?' पासून 'शू करून आलीस का?' पर्यंत चाळीस सूचना. 'पत्र घे' या सूचनेला पत्राचं चित्र जोडायला त्यांनी ठमीच्या निळ्या पाकिटातून पत्र काढून टेबलावर ठेवलं. शेवटी मोबाइलने विचारलं, या सूचना कोणाला पाठवू? बाबांनी 'संपूर्ण कुटुंब' वर बोट ठेवलं. घरच्यांपासून काय लपवायचं!

गुरुवारी साडेनऊला ते मीटिंगच्या दारात पोचतात न पोचतात तोच ठमीच्या आईचा फोन. ती दातांची डॉक्टर.

"अरे, माझ्या फोनमधून तुझा आवाज का येतोय? मी दाढ काढायला चिमटा तोंडात घातला आणि तू ओरडलास, 'थांब! घाई करू नकोस! मागच्या वेळी काय झालं ते आठव!' पेशंट पळाला माझा! गळ्यातल्या रुमालासकट!"

"तुझ्या फोनमध्ये काहीतरी बिघाड असेल."

"बिघाड कुठे आहे ते मला चांगलं माहितीये! मी फोन बंद करून ठेवतेय!"

बाबा मान हलवत मीटिंगला बसले. मोठ्या मॅडम बोलता बोलता थांबल्या आणि विचार करत बाहेर पाहू लागल्या. इतक्यात बाबांचा खिसा गरजला.

"खिडकीबाहेर काय बघतेस? समोर बघ!"

मॅडमनी समोर पाहिलं.

"मॅडम, ते मी नाही... म्हणजे मीच, पण तुम्हाला नाही—"

"शू करून आलीस का?" खिशाने विचारलं.

बाबांनी घाईघाईने फोन बंद केला. राजीनाम्याचा मजकूर ते मनात जुळवत होते, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मॅडमनी उचलला, ऐकला आणि त्यांच्यापुढे धरला. "तुमची मुलगी."

"बाबा, तुझा फोन बंद, आईचाही बंद!" ठमी रडवेली झाली होती. "फोटोत निळ्या पाकिटातून पत्र डोकावतंय आणि आता पाकीट रिकामं आहे! पत्र कुठेय?"

बाबा आठवू लागले. पत्र काढलं, टेबलावर ठेवलं, मग... मग? मग टेबलावरचे सगळे कागद ऑफिसच्या फाइलीत भरले! त्यांनी फाइल उघडली. पत्र सगळ्यात वर.

मॅडमनी पत्र वाचलं, घड्याळ पाहिलं. "नियोजनप्रमुख," त्या म्हणाल्या, "पळा!"

बाबा पळाले. पावणेअकराला शाळेच्या फाटकाशी ठमीच्या हातात पत्र ठेवलं, तेव्हा त्यांना बोलवेना इतकी धाप लागली होती.

"पाणी प्यायलास का?" ठमीने विचारलं आणि आपली बाटली पुढे केली.

पेपर पूर्ण झाला! शेवटचे दोन प्रश्न त्या जादा अर्ध्या तासातच लिहून झाले. ते ऐकून बाबांना भरून आलं. त्यांनी चाळीसच्या चाळीस सूचना पुसल्या आणि फोटोची युक्ती शिकायला घेतली. चष्मा, किल्ल्या, डबा, फाइल, सगळं पलंगावर मांडलं.

"बाबा, आणखी एक—"

"समजलं, समजलं! मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

शुक्रवारी सकाळी त्यांनी फोटोशी वस्तू जुळवल्या. एकही कमी नाही! छाती पुढे काढून ते ऑफिसात शिरले आणि काल कसं निभावलं ते मॅडमना सांगू लागले, तोच टेबलावरचा फोन वाजला.

"तुमची मुलगी."

"बाबा, तुझा मोबाइल इथे पलंगावरच आहे."

"अशक्य! फोटोशी सगळं जुळलं होतं!"

"मोबाइल होता का फोटोत?"

बाबा विचारात पडले. फोटो काढला मोबाइलने. मग मोबाइल फोटोत येणार कसा?

"म्हणून मी मोबाइलच्या जागी त्याचं कव्हर काढून मांडते," ठमी म्हणाली. "तेच तर सांगत होते काल."

बाबांनी फोन ठेवला आणि हळूच वर पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते. 'समोर बघा' म्हणायची बाबांची काही छाती झाली नाही.