करकोच्यांची राखीव जागा

एका जंगलात, बाळांनो, सात करकोचे राहत होते. सातच. बोटांवर मोजा. तीन बोटं उरतील, ती नाकात घालू नका.

हे करकोचे मूळचे पोलंडचे. त्यांचे पणजोबा तिकडच्या थंडीला कंटाळून उडत उडत इथं आले. त्यांनी तळं बघितलं, तळ्यातले बेडूक बघितले आणि परत जायचं विसरले. तरी घरात बोली पोलंडची, लग्नात गाणी पोलंडची, आणि भांडणंसुद्धा पोलंडच्या रिवाजानं.

तो रिवाज सांगायलाच हवा. पूर्वी पोलंडच्या दरबारात एक जरी सरदार उठून 'मला मान्य नाही' म्हणाला, तरी ठराव पडायचा, सभा मोडायची आणि राजा हात चोळत बसायचा. करकोच्यांनी दुसरं काही आणलं नाही, पण हे मात्र चोचीत धरून आणलं. सातांत एक नाही म्हणाला, की सभा मोडली. उठायचं आणि घरी जायचं.

त्यांच्यात बोगुमिल नावाचा एक तरणा करकोचा होता. बायको हालिना, घरट्यात तीन पिल्लं, अजून सातांत न मोजलेली, पण तिन्ही खादाड. एक दिवस त्याच्या कानावर आलं, की सिंह महाराज तळं बुजवून तिथं स्वागताचं मैदान करणार आहेत. स्वागत कुणाचं, ते अजून ठरायचं होतं.

"तळं गेलं तर पिल्लांच्या तोंडात काय घालू, माती?" हालिना म्हणाली. "एका पायावर उभं राहून काय विचार करताय? सिंहाच्या सभेत जाऊन बोला काहीतरी."

सभेत करकोच्यांची एक जागा राखीव होती. सिंह मोठा न्यायी. जो समाज थोडका, त्याला एक जागा. बेडकांना नव्हती. ते थोडके नव्हते ना.

पण करकोच्यांची जागा नऊ वर्षं रिकामी होती. कारण ग्झेगोश आजोबा. सातांत सगळ्यात म्हातारे. त्यांचं नाव घेताना हजेरीवाल्या कोल्ह्याची दाढ ठणकायची. कुणालाही सभेत पाठवायचं म्हटलं, की आजोबा आडवे.

सोमवारी करकोच्यांच्या घरच्या सभेत बोगुमिल म्हणाला, "मी जातो."

"मला मान्य नाही," आजोबा म्हणाले. "तुझी मान आखूड आहे." सभा मोडली.

मंगळवारी बोगुमिल म्हणाला, "मग हालिना जाईल."

"मला मान्य नाही. ती खरं बोलते." सभा मोडली.

बुधवारी बोगुमिलनं हात टेकले. "मग आजोबा, तुम्हीच जा."

"मला मान्य नाही," आजोबा सवयीनं म्हणाले. सभा मोडली.

गुरुवारी बोगुमिलनं डोकं चालवलं. "ठराव असा, की आजोबांना सभेत पाठवू नये."

"मला मान्य नाही."

"मग झालं तर. उद्या सकाळी निघा."



शुक्रवारी तळ्याचा ठराव आला. सिंहानं विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" हे तो नेहमीच विचारायचा. उत्तर द्यायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबा नवे होते.

"मला मान्य नाही," ते म्हणाले. "सभा मोडली. उठा रे, जेवायला जा."

आणि चालू लागले. हत्ती सकाळपासून उपाशी बसला होता, तो उठला. हत्ती उठला म्हणून रेडे उठले. माकडं तर वाटच बघत होती. सिंह एकटा उरला, मोजणीसाठी पंजा वर केलेला.

तीन महिने असंच चाललं. तळं जिथल्या तिथं, बेडूकही.

सिंह कोल्ह्याला म्हणाला, "खाऊन टाकू का म्हाताऱ्याला?"

"नको महाराज. थोडक्यांना खाल्लं की चार जंगलांत बोभाटा होतो. त्यापेक्षा द्या."

"काय देऊ?"

"जागा. आणखी सहा."

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. करकोच्यांवर फार अन्याय झाला आहे, सात करकोच्यांना आता सात जागा. करकोच्यांनी आनंदानं चोची वाजवल्या.

"सगळेच तिकडं बसलो, तर तळ्यावर कोण?" हालिना म्हणाली.

"अगं, तळ्यासाठीच तर बसायचंय," बोगुमिल म्हणाला.

मान्य नाही म्हणायला हालिनानं चोच उघडली होती. तेवढ्यात कोल्ह्यानं तिची खुर्ची पुढं केली. पाठीवर तिचं नाव सोनेरी अक्षरांत. तिनं चोच मिटली.

पहिल्याच दिवशी प्रश्न निघाला, सातांचा पुढारी कोण? बोगुमिलचं नाव आलं, ते आजोबांनी पाडलं. आजोबांचं आलं, ते बोगुमिलनं पाडलं. 'मला मान्य नाही' हे शब्द तोंडात इतके गोड लागतात, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आवाज वाढला तसं सिंहानं मोठ्या आदरानं त्यांना वेगळी खोली दिली, बेडकांची भजी पाठवली आणि दार लावून घेतलं.

इकडं सिंहानं सभेला विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

कुणाला नव्हतं. दीड मिनिटात ठराव मंजूर. जेवण करून हत्ती आणि रेडे मातीला लागले.

संध्याकाळी पुढारी न ठरवताच बोगुमिल आणि हालिना घरी आले. घरट्याखाली चापूनचोपून केलेलं मैदान होतं, वर पाण्याचा सडा. तेवढंच पाणी. तिन्ही पिल्लं मैदानाच्या मधोमध उभी होती.

"आबा, आपलं तळं कुठं गेलं?" धाकट्यानं विचारलं.

बोगुमिलनं मान ताठ केली.

"उद्या सभेत विचारतो," तो म्हणाला. "आता आपण सात आहोत."

तात्पर्य: समाजानं सभेत एकच प्रतिनिधी पाठवावा, तोही असा, की ज्याचं घरातसुद्धा कुणाशी पटत नाही. बाकीची हुशार आणि समंजस मंडळी तळ्यातच उभी करावीत, म्हणजे निदान पाय तरी ओले राहतात.