सुभेदारांनी सरळ केलेला प्रोग्राम

निवृत्त सुभेदार कृष्णात यांचा साताऱ्यातला कॉम्प्युटर क्लास दोन खोल्यांचा होता, आवाज मात्र अख्ख्या छावणीचा. प्रोग्रामात चूक दिसली की ते असे गरजत, की शिकणारा चप्पल विसरून घरी जाई आणि ती न्यायलाही परत येत नसे. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या दिवाळीपर्यंत नऊ जणांतले तीनच उरले.

"आवं, हे तिघं गेले तर कुलूपच लावावं लागंल," बायको अंजना म्हणाली. "चूक दिसली तरी आधी एक गोष्ट चांगली सांगायची. मग वरडायचं न्हाई, 'असं करूया का?' म्हणून इचारायचं."

सुभेदारांनी ते फळ्यावर लिहून टाकलं. हुकूम म्हणजे हुकूम.

त्याच सुमारास सांगलीला विश्रामबागच्या कॉलेजात शिकणाऱ्या जयराजने, त्यांच्या पुतण्याने, एका मासिकाबरोबर आलेली सीडी आणून दिली. तिच्यात प्रोग्राम लिहायची पायथन नावाची नवी भाषा होती. सुभेदार फौजेत बेसिक ही जुनी भाषा शिकलेले. त्यात ओळी नंबर लावून डाव्या कडेला शिस्तीत उभ्या असत. पायथनच्या माहितीची त्यांनी चार पानं वाचली आणि मुलांच्या हाती दिली. पुढचं मुलं आपापली शिकली.

तिघांतली आम्रपाली मेढ्याहून रोज एसटीनं यायची. तिचा प्रोग्राम वेळ विचारून मेढ्याची पुढची गाडी सांगत असे. रविवारी तिचे वडील नागसेन पहिल्यांदाच क्लास बघायला येणार होते. त्यांना पटलं तरच तिचं येणं चालू राहणार होतं. म्हणून त्या दिवशी सकाळीच सुभेदार तिच्या खुर्चीत बसून प्रोग्राम तपासू लागले.

"नावं छान दिलीस," फळ्याकडे बघत ते म्हणाले. मग त्यांची नजर डाव्या कडेला गेली. काही ओळी कडेला, काही चार घरं आत. रांग पार मोडलेली! त्यांनी गोड आवाजात विचारलं, "यांना जरा रांगेत घेऊया का?"

"सर, पण..."

तोवर सगळ्या ओळी सावधान उभ्या होत्या. प्रोग्राम चालवला, तर गाडीऐवजी पडद्यावर चूक आली. सुभेदारांनी मधल्या रिकाम्या ओळी काढून रांग आणखी दाट केली. चूक हलेना.

आम्रपालीने एकदा फळ्याकडे पाहिलं.

"सर, ओळी लय सरळ झाल्यात," ती हळूच म्हणाली. "पण ही ओळ वरच्या 'इफ'च्या हाताखालची हाय. ती आत असली तरच कुणाचा हुकूम पाळायचा ते कॉम्प्युटरला कळतं. आत घेऊया का?"

हुकुमाची गोष्ट सुभेदारांना लगेच पटली. ते मुकाट्यानं एकेक ओळ आत सरकवू लागले.

"ही पण?"

"व्हय. आता बघा चालवून."

पडद्यावर आलं, मेढा, साडेअकरा.

दारात कुणीतरी कौतुकानं हसलं. नागसेन केव्हाचे उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी सुभेदारांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आवं, लाजू नका. या वयात शिकताय, हेच लय हाय. तुमी क्लासच्या कितव्या म्हैन्यात?"

आम्रपालीने जीभ चावली. आतल्या दारात अंजनाबाईंनी तोंडाला पदर लावला. सुभेदारांचा आवाज पार गळ्यापर्यंत आला होता. पण उरलेले तीन त्यांना आठवले आणि त्यांनी तो गिळला.

"पैल्याच," ते म्हणाले. "पोरगी लय समजून सांगती बघा. रोज पाठवा तिला."

"पाठवतो की," नागसेन म्हणाले. "तुमच्यासाठी तरी पाठवायलाच पायजे."