घोड्यावरचा साहेब

"मामा, तुमच्या आजोबांची आख्खी पलटण उभी करतो! एका टेबलावर! बंदुका, पट्टे, मिशा, सगळं जिथल्या तिथं!"

धैर्यशीलनं सासुरवाडीच्या पंगतीत ही घोषणा केली आणि समोर बसलेल्या सासऱ्यांचा घास हातातच राहिला. सासरे म्हणजे निवृत्त सुभेदार हंबीरराव. रहिमतपूरच्या पुढच्या त्या वाडीत घरटी एक माणूस फौजेत. ज्याच्या घरातले दोन, त्याला पारावर मधली जागा. अशा गावात हंबीररावांना जावई मिळाला तो भरतीच्या मैदानावर छाती फुगवता फुगवता चक्कर येऊन पडलेला! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कुणी "हे कोण?" म्हणून विचारलं की हंबीरराव घसा खाकरायचे आणि सांगायचे, "हे दूध संघात क्लार्क हायत." 'जावई' हा शब्द काही त्यांच्या तोंडातून फुटत नव्हता. धैर्यशीलच्या मनाला तेवढंच लागून राहिलं होतं. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत त्यांनी "हे आमचे जावई" म्हणावं, मग संघातलं सगळं दूध नासलं तरी चालेल!

आणि आता संधी चालून आली होती. वाडीत माजी सैनिकांचा मेळावा भरणार होता, साताऱ्याहून एक निवृत्त ब्रिगेडियर येणार होते, आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेलेल्या गावच्या माणसांची आठवण म्हणून काय मांडावं, याचा घोळ सुरू होता. हंबीररावांचे आजोबा अर्जुना त्यांतलेच. त्यांचा ना फोटो, ना काही खूण. गेले एवढंच गावाला माहीत.

"कशाची पलटन? मातीची?" हंबीररावांनी विचारलं.

"धातूची. एवढी एवढी." धैर्यशीलनं बोटाचं पेर दाखवलं.

"एवढ्याशा शिपायाला मिशा काढनार तुमी?"

"पिळदार काढतो!"

"बघू," हंबीरराव म्हणाले आणि घास तोंडात घातला. फौजेत 'बघू'चा अर्थ काय होतो ते धैर्यशीलला ठाऊक नव्हतं, म्हणून तो खूश झाला.

आता धैर्यशीलच्या या नादाबद्दल सांगितलं पाहिजे. लहानपणी आष्ट्याच्या वाचनालयातल्या साहसकथांनी त्याचं डोकं फिरवलं होतं. वाळवंटातले किल्ले, खैबरच्या खिंडी, शेवटच्या काडतुसापर्यंत लढणारी माणसं! फौजेनं त्याला घेतलं नाही, म्हणून त्यानं फौजच घरी आणली. बिनरंगी शिपाई कुरिअरनं मागवायचे आणि डोळ्याला भिंग लावून, चार केसांच्या ब्रशनं रंगवायचे. आफ्रिकेतले भालेवाले, पगडीवाले पठाण, लाल डगल्यातले गोरे. त्याच्या आष्ट्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर इंग्रज-अफगाण युद्ध कायमचं पेटलेलं असायचं.

"आमी जेवायचं कुठं? खिंडीत?" बायको, रेश्मा, विचारायची.

"ताट जरा डावीकडं ठेव. उजवीकडं पठाण वाळतायत."

बसऱ्याच्या पलटणीनं मात्र त्याचा घाम काढला. एकेकाच्या खांद्यावरचा पट्टा रंगवताना तो श्वास रोखून धरायचा, आणि नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी व्हायची. मग तो पट्टा शिपायाच्या नाकावरून जायचा! अर्जुनाआजोबांचा चेहरा कसा असेल ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना सरळ हंबीररावांच्या मिशा दिल्या.

पण सगळा जीव ओतला तो साहेबावर. पांढऱ्या घोड्यावरचा कर्नल! हातात उपसलेली तलवार, डोक्यावर उन्हाची उंच टोपी, गालावर चढलेली लाली. बसऱ्याच्या खंदकांत पांढऱ्या घोड्यावरून कुठला साहेब हिंडत होता, असं विचारू नका. धैर्यशीलनं वाचलेल्या गोष्टींत साहेब नेहमी पांढऱ्या घोड्यावरच असायचा, आणि इतिहासापायी घोडा सोडायला तो तयार नव्हता. कित्येक रविवार त्यानं एकट्या साहेबावर घालवले.

मेळाव्याच्या दिवशी सकाळीच स्कूटर निघाली. पलटण खोक्यांत, खोकी रेश्माच्या मांडीवर. कर्नलला मात्र खास वागणूक होती. सराफाकडची एक जुनी डबी, तिच्यात कापूस, त्यावर गुलाबी कागद आणि त्यात कर्नल. प्रत्येक खड्ड्याला धैर्यशील ओरडायचा, "साहेब ठीक आहे का?"

"साहेब ठीक हाय! माझी कंबर गेली!"

सासुरवाडीला पोचल्यावर प्रश्न आला, पलटण ठेवायची कुठं? मांजर आणि भावकी या दोघांचाही वावर नाही, अशी घरात एकच जागा होती: देवघर. तिथं कोपऱ्यात खोकी ठेवून, वर ती डबी ठेवून धैर्यशील ग्रामपंचायतीच्या हॉलवर वाळू पसरायला गेला.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. धैर्यशीलही ती विसरला होता, त्यामुळे मला फार दोष देऊ नका. शिमग्याला सासूबाईंनी, म्हणजे मनुबाईंनी, देव्हाऱ्यातला सिद्धनाथाचा टाक त्याच्या हाती दिला होता. चांदीच्या पत्र्यावर घोड्यावर बसलेला म्हसवडचा नाथबाबा! पिढ्यान्‌पिढ्या घासून देवाचं नाक-तोंड झिजलं की सोनाराकडून टाक नवा करून आणायचा, ही रीत.

"जावईबापू, सांगलीच्या सराफाला द्या आन् नवा करून आना," मनुबाई म्हणाल्या होत्या. "हो मामी," म्हणून त्यानं टाक रुमालात बांधला, स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याला पठाणांची पगडी आठवली! तेव्हापासून पाना, पंक्चरचं सोल्युशन आणि सिद्धनाथ डिकीत एकत्र नांदत होते.

दुपारी धैर्यशील पलटण न्यायला घरी आला तर अंगणात ही चपलांची रास! आतून आवाज उठला, "नाथबाबाच्या नावानं चांगभलं!"

तो दारातच थबकला. मनुबाई पदरानं डोळे पुसत समोर आल्या. "जावईबापू! न सांगता आनलासा व्हय? मला वाटलं इसरला! पोटच्या लेकाला येवढी याद ऱ्हायली नसती!"

"काय आणलं मामी?"

"आता लाजू नगासा!"

त्यानं देव्हाऱ्यात पाहिलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. मधोमध, तांदळाच्या राशीवर, हळदी-कुंकवात न्हालेला कर्नल उभा होता! टोपीवर झेंडूचं फूल, तलवारीला बेलाचं पान, घोड्याच्या पाठीवर गुलाल.

"मनुबाई, टाक तर पत्र्यावर असतुया. ह्यो उभा कसा गं?" शेजारच्या पारूबाईंनी शंका काढली.

"सांगलीला आता असंच करत्यात!"

"आन् डोक्याला ह्ये काय?"

"मुकुट! नवीन तऱ्हा हाय," मनुबाईंनी ठणकावलं. मग जावयाकडे वळून हळूच म्हणाल्या, "पर सोनारानं लय रंग फासलावता बगा. चिंच-मीठ लावलं, राखंनं घासला, तवा कुठं चांदीवानी झाला."

सगळे रविवार मोरीतून वाहून गेले होते! धैर्यशीलच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. बायकांना तो भक्तीचा हुंदका वाटला.

रेश्मानं त्याला ओढत स्वयंपाकघरात नेलं. "आवं, त्यो कर्नल हाय न्हवं?"

"हळू बोल!"

"मग आईचा देव कुठाय?"

"डिकीत."

रेश्मानं तोंडाला पदर लावला. "जावा, आईला खरं सांगा."

"काय सांगू? शिमग्यापासून देव पान्याशेजारी झोपलाय म्हणून? आणि मामांना कळलं तर? ते मला क्लार्कसुद्धा म्हणणार नाहीत!"

त्यानं दुसरा मार्ग काढला. बायका चहाला पांगल्या तसा तो देव्हाऱ्यापाशी गेला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच कर्नलच्या घोड्याची शेपटी चिमटीत धरली. तेवढ्यात मागून मनुबाई! शेपटी सोडून त्यानं झटक्यात हात जोडले.

"काय तरी भक्ती!" मनुबाई गहिवरल्या. "पारूबाई, आरतीचं ताट आना गं! पयली आरती जावयाच्या हातनं!"

झालं! घंटा वाजली, कापूर पेटला आणि भर दुपारी धैर्यशीलनं महायुद्धातल्या एका गोऱ्या कर्नलची आरती केली. मग पुरणाचा निवद आला. इंग्रज देश सोडून गेला त्याला जमाना झाला, पण इतका पाहुणचार त्याचा इथं राज्य असतानाही कुणी केला नसेल.

चारच्या सुमारास हॉलवर वाळूत पलटण उभी राहिली. पुढं छोटंसं टेकाड, आणि टेकाडाचा माथा मोकळा. हंबीरराव पाहणीला आले. पाठीमागं हात बांधून, खाली वाकून, एकेका शिपायापुढून सरकू लागले. धैर्यशील आपोआप सावधान उभा राहिला.

पहिल्या रांगेशी हंबीरराव थांबले. "ह्यो कोन?"

"अर्जुनाआजोबा."

हंबीररावांनी भिंग मागून घेतलं. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा हात नकळत स्वतःच्या मिशीवर गेला. "असंच असतील," ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ झालेला धैर्यशीलनं कधी ऐकला नव्हता. त्याला भरून आलं. आता म्हणतात की काय 'जावई'!

पण हंबीररावांची नजर टेकाडावर गेली. "आन् ह्ये मोकळं का?"

"तिथं... साहेब येणार आहे."

"कवा? ब्रिगेडियर जेवून गेल्यावर? पलटन मोर्च्यावर उभी आन् अफसर बेपत्ता! पहिलं ह्येच इचारतील ते. गावापुढं माझी शोभा करू नगासा!"

ब्रिगेडियरांची गाडी वेशीत आल्याचा फोन आला. धैर्यशील धावत बाहेर गेला. आता कर्नल आणायला वेळ नव्हता, आणि आणून तरी काय, रंगाचा ठिपका नाही आणि अंगावर गुलाल! घोडेस्वार पाहिजे, लगेच पाहिजे, आणि अख्ख्या वाडीत दुसरा घोडेस्वार एकच होता. त्यानं डिकी उघडली. रुमाल सोडला. टाकाला लागलेलं ग्रीस शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि म्हणाला, "बाबा, आजच्या दिवस सांभाळून घे. सोमवारी नक्की सराफाकडं!"

टाक त्यानं टेकाडावर वाळूत रोवला. शिपाई बोटाच्या पेराएवढे, देव त्यांच्या दुप्पट! लांबून घोडा दिसेल, बाकी कोण बघतंय, अशी मनाची समजूत घालून त्यानं पलटणीवर शाल पांघरली.

पाहुणे आले, हार झाले, ब्रिगेडियरांनी शाल उचलली. धैर्यशीलनं डोळे मिटून घेतले.

"आयला! नाथबाबा!" हवालदार भाऊसो, गावातले सगळ्यांत म्हातारे सैनिक, काठी टेकत उठले. "माझा बा सांगायचा. बसऱ्याला जाताना समद्यांच्या खिशात म्हसवडचा गुलाल हुता! साहेब मागं ऱ्हायचा, फुडं नाथबाबाच असायचा!"

"नाथबाबाच्या नावानं," कुणीतरी आरोळी दिली.

"चांगभलं!" हॉलचे पत्रे थरथरले.

खुर्च्या मागं सरकल्या. सगळे म्हातारे फौजी उठून सावधान उभे राहिले. सगळ्यांचे हात कपाळाशी गेले. आणि हंबीरराव! दोन पावलं पुढं आले, धैर्यशीलच्या समोर उभे राहिले, टाच खाडकन आपटली आणि कडक सल्यूट ठोकला!

धैर्यशीलचं अंग शहारलं. छाती अशी फुगली की आज भरतीवाले असते तर उचलूनच नेलं असतं. त्यानंही हात कपाळाला लावला.

"बाजूला व्हा," हंबीरराव ओठ न हलवता म्हणाले. "देवाच्या आडवं उभं ऱ्हायलासा."

धैर्यशील बाजूला झाला. पण नशीब अजून संपलं नव्हतं. ब्रिगेडियर टेबलाभोवती फिरले, भिंगातून पाहिलं, मान डोलावली. "कमाल आहे! लढाईचा देखावा म्हटला की पुढं साहेब असतो. इथं शिपायांचा देव पुढं आहे. सुभेदारसाहेब, हे कुणी केलं?"

हंबीररावांच्या मिशीची दोन्ही टोकं वर चढली. त्यांनी धैर्यशीलला दंडाला धरून पुढं ओढलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्ये आमचे जावई!"

टाळ्या पडल्या. मोबाईल वर झाले. धैर्यशीलला वाटलं, आता इथंच मेलो तरी हरकत नाही. आणि पुढच्याच मिनिटाला त्याला तसं व्हावं असं मनापासून वाटलं; कारण बायकांच्या बाजूनं मनुबाई उठून टेबलापाशी आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, वाकल्या, आणखी वाकल्या.

"आवं, थांबा. ह्यो तर माझा जुना टाक! ह्ये झिजल्यालं नाक, ह्यो घोड्याचा तुटका कान. जल्मभर पुजलाय मी." त्या सावकाश सरळ झाल्या. "जावईबापू, नाथबाबा हितं हाय. मग दुपारी पुरणाचा निवद दावला, त्यो कुनाला?"

टाळ्या थांबल्या. धैर्यशीलनं रेश्माकडे पाहिलं. रेश्मा वाळू न्याहाळत होती. त्यानं नाथबाबाकडे पाहिलं. तिकडूनही काही मदत येईना.

"मामी, तो... माझा कर्नल आहे. पलटणीतला."

"म्हंजी कोन?"

"इंग्रज."

मनुबाईंचा हात गालावर गेला. मग सगळा उलगडा झाल्यासारख्या ओरडल्या, "तरीच! घासंल तसा गोराच निघत हुता मेला!"

हॉल फुटला! भाऊसोंची काठी पडली, पारूबाई तिथंच फतकल मारून बसल्या. ब्रिगेडियर डोळे पुसत, पोट धरत, कसेबसे हंबीररावांना म्हणाले, "सुभेदारसाहेब, हे... हे तुमचे जावई म्हणालात ना?"

हंबीररावांनी धैर्यशीलचा दंड सोडला, छताकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"न्हाई न्हाई. दूध संघात क्लार्क हायत. जरा वळख हाय."