वायरमनचं दही

किसनराव वायरमन कुठलीही वस्तू आधी हाताच्या उलट्या बाजूनं शिवून बघतात. दाराची कडी, चहाचा कप, दुसऱ्याची म्हैस, सगळं. "तळवा लावला की करंट माणसाला धरून ठेवतो, अक्का," असं त्यांचं म्हणणं. नोकरी संपली, खांबावर चढणं संपलं, खोड गेली नाही. देवळात मूर्तीच्या पायालाही उलटा हात लावतात. पुजारी ओरडला, तर म्हणाले, "टेस्ट केल्याबिगर म्या कशावरच भरोसा ठेवत न्हाय."

सास्तूरला आमची घरं समोरासमोर. बायको गेल्यापासून ते एकटे, मीही एकटी. इतकी वर्षं आमचं बोलणं म्हणजे "लाइट आली का?" एवढंच.

मागच्या सुगीत मी मोरीत घसरले. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर बसलं, आणि गोळ्यांनी तोंडाची चवच गेली. घास पुढं सरकेना. पुण्याहून लेकाचा फोन आला, "रविवारी येतो. तू जेवत नसशील तर इकडं घेऊन येणार." त्याच्या चौथ्या मजल्यावर मला बसायचं नव्हतं. दही-भाकरी असती तर चार घास गेले असते. भाकरी शेजारची शकू पाठवायची, पण सोयाबीन काढायला आलेली माणसं तिच्याकडं जेवायला. दही कुठलं उरायला? दुकानातलं पाकिटातलं मला उतरत नाही.

किसनरावांनी हे ऐकलं. "त्यात काय? दही म्या लावतो," म्हणाले. त्या माणसानं आयुष्यात चूल पेटवली नव्हती. खानावळीचा डबा खायचे.

दूध आणि वाटीत थोडं विरजण घेऊन माझ्याच स्वयंपाकघरात आले. उकळी फुटली तशी विरजणाची वाटी आत ओतली. दूध फाटलं.

"अवो, कोमट करायचं असतं!"

"गरम असलं की लवकर लागंल वाटलं. लोड जास्त झाला."

आता विरजण संपलं. ते वाटी घेऊन शकूच्या दारात गेले, तेही नेमके दिवेलागणीला. शकू म्हणाली, "दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देत न्हाईत, भाऊजी. सकाळी या."

"दिवे लागल्यावर न्हाय ना? मग घालवतो की." असं म्हणून त्यांनी तिच्या ओट्यावरचं मेन स्विच खाली ओढलं. अंधारात शकूचा नवरा कावला, पोरं ओरडली. शकूनं हसत हसत चाचपडून चमचाभर विरजण दिलं, तेव्हा कुठं तिच्या घरात उजेड आला.

या वेळी दूध बोटांच्या उलट्या बाजूनं नीट पारखून त्यांनी विरजण लावलं. भांड्याला स्वतःचा मफलर गुंडाळला. पण दर घटकेला झाकण उघडायचे.

"काय बघताय?"

"लाइन धरली का बघतो."

"झोपलेल्या लेकराला उठवून, झोप लागली का, असं विचारतात व्हय? ठेवा ते झाकण आणि जावा घरी!"

सकाळी दही घट्ट लागलं होतं. भांडं तिरकं करून मला दाखवलं, तरी हलेना. किसनराव असे उभे, जणू गावाला पहिल्यांदा लाइट त्यांनीच आणली. मी अर्धी भाकरी खाल्ली.

रविवारी लेक आला. त्याच्यासमोर अख्खी भाकरी दह्यात कुस्करून खाल्ली. तो एकटाच परत गेला.

मला गोड बोलता येत नाही. पण आज मी माझ्या घरात आहे ती त्या माणसामुळं, हे सांगितलंच पाहिजे.

पुढं प्लास्टर निघेपर्यंत ते रोज संध्याकाळी दही लावायचे आणि सकाळी उघडायला यायचे. येताना अंघोळ केलेली, धुतलेला सदरा. आधी दुपारपर्यंत बनियनवर बसलेले असायचे.

हात मोकळा झाला तेव्हा मी सरळ सांगितलं, "किसनराव, लई केलंत. आता दही मी लावते. उद्यापासनं तुमी येऊ नका."

"व्हय, बरोबर हाय," म्हणाले. पण उठले नाहीत. मग हळूच म्हणाले, "अक्का, मग सकाळी उठून म्या जायाचं कुठं?"

मी पीठ काढायला डबा ओढला.

"डबेवाल्याला सांगा, उद्यापासनं नको म्हणून," मी म्हटलं. "भाकऱ्या मी करते. दही तुमीच लावा."