बाळारामदादा भोईर आवाज तपासायला निघतात

बाळारामदादांच्या सायकलला तीन आरसे आहेत. दोन हँडलच्या टोकांना, आणि तिसरा, न्हाव्याच्या दुकानातून उचलून आणल्यासारखा, मधोमध पट्टीवर. कुणी विचारलं की ते सांगतात, "कान गेले, म्हनून म्हागं डोळं लावलेत." हे ते साध्या आवाजात सांगत नाहीत. ते काहीच साध्या आवाजात सांगत नाहीत. चाळीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेला माणूस. त्यांचं 'कसा काय?' ऐकून नवखा रिक्षावाला ब्रेक मारतो.

मी त्यांचा डॉक्टर. भिवंडीत, कामतघरात माझा दवाखाना आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लावून उभी आहेत; मी दवाखान्याच्या मागच्याच खोलीत राहतो. रोग्याचं गुपित पाळावं असा आमच्या धंद्याचा नियम आहे, पण दादा मला तो पाळूच देत नाहीत. आत त्यांनी "डाक्टर, दोन दीस पोट साफ न्हाय!" म्हटलं की बाहेरच्या बाकावरची माणसं काळजीने माना हलवतात. परत जाताना एखादी म्हातारी त्यांना एरंडेल घ्यायला सांगते.

आमचं भांडण कानावरून. कानात सारखे माग चालू असल्यासारखं वाटतं, ही त्यांची तक्रार. मी तपासून सांगितलं, "दादा, आवाज बाहेर नाही, तुमच्या कानातच आहे. कानाचं यंत्र लावा. ऐकूही येईल आणि हा आवाजही मागे पडेल."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "डाक्टर, या खिरकीतून हात भायेर काढला तं तीन कारखाने हाताला लागतील. आनि तुमी बोलता आवाज माझ्या कानात हाय?"

"शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते. तेव्हा येतो ना?"

"येतो. शुक्रवारी वळ गावच्या गोदामांचे ट्रक चालू असतात."

"आणि पहाटे?"

"पहाटे तुमी घोरता."

बाकावर हशा पिकला. वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये रोग्याने स्वतःचं निदान माझ्यावर ढकलल्याचा हा पहिलाच प्रसंग.

दादा जॉबर होते, म्हणजे मागांचे डॉक्टर; पुढे त्यांनी स्वतःचेही सहा माग टाकले होते. कारखान्यात कुठूनतरी वाकडा आवाज यायला लागला की ते एकेक माग बंद करत जायचे. जो बंद केल्यावर आवाज थांबला, तो माग आजारी. ही एक पद्धत त्यांनी जगातल्या प्रत्येक गोष्टीला लावली. पोट दुखलं तर आधी चहा बंद, मग भात, मग सुकट. घरात भांडण झालं तर एकेकाला खोलीबाहेर पाठवायचं. "एकेक बंद करून बगाचा," हे त्यांचं पालुपद. कानाच्या बाबतीत मात्र पंचाईत होती. अख्खी भिवंडी बंद कशी करणार?

"मंग मीच भायेर जातो," एके दिवशी ते म्हणाले. पैज लागली. जिथे कसलाच आवाज नाही अशा जागी जायचं. तिथेही कानात माग चालले तर आल्या दिवशी यंत्र लावायचं. नाही चालले तर मी यंत्राचं नाव पुन्हा काढायचं नाही.

जागा सुचवली वळच्या गोदामावर माल घेऊन येणाऱ्या एका कच्छी ट्रकवाल्याने. पांढरं मिठाचं रण. झाड नाही, म्हणून पाखरूही नाही. ट्रकमधून चला म्हटलं तर दादा ऐकेनात. "गारीचा आवाज चार दीस कानात ऱ्हातो. सायकल गरीब असते." मुलगा रागावला, सून रडली, मी रक्तदाब मोजला. तो माझ्यापेक्षा चांगला निघाला.

थंडी पडल्यावर ते एकटे निघाले. दोन चादरी, सुकटीचा डबा आणि पान्यांची पिशवी. ठरलं असं, की रोज जिथे शांत वाटेल तिथे मोबाइलवर मिनिटभर आवाज भरायचा आणि मला पाठवायचा. त्यांना स्वतःला तो नीट ऐकू येणार नव्हता, म्हणून शास्त्रीय तपासणी माझ्याकडे.

पहिलं मिनिट गणेशपुरीहून आलं. त्यात एसटीचा हॉर्न होता. डहाणूच्या किनाऱ्यावरून लाटा आल्या आणि शेवटी दादांची गर्जना, "डाक्टर, दर्याला सुट्टीच न्हाय! तिन्ही शिफ्ट चालू!" सुरतेहून तर चक्क मागांचा खडखडाट आला. "फिरून कामतघरातच आलो का काय!" म्हणत ते दुसऱ्या दिवशी तिथून पळाले.

आता दवाखान्यात गंमत सुरू झाली. लोक औषधाआधी विचारू लागले, "आज दादा कुठपर्यंत?" मी मोबाइल टेबलावर ठेवायचा आणि खोकणारी माणसं खोकला दाबून ऐकायची. द्वारकेच्या अलीकडे समुद्रकाठी पवनचक्क्या घूं घूं करत होत्या. पुढे मिठागरात एक पंप फटफटत होता. दादांनी मिठागरवाल्याला तो पाच मिनिटं बंद करायला लावला. त्या भल्या माणसाने केलाही, पण मग कुतूहलाने तो स्वतःच मोठमोठ्याने गुजरातीत प्रश्न विचारायला लागला. ते मिनिटही वाया गेलं.

मला कबूल केलं पाहिजे, की मलाही उत्सुकता लागली होती. आवाज कानातच आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी निजताना वाटायचं, म्हातारा खरा ठरला तर बरं होईल.

सव्विसाव्या दिवशी रणातलं मिनिट आलं. भर दुपारचं. आम्ही सात-आठ जण टेबलावर वाकलो. वारा नाही, पाखरू नाही, काही नाही. मोबाइल बिघडला असं वाटावं इतकं काही नाही. शेवटी दादांची गर्जना येईल म्हणून आम्ही कान मागे घेतले. ती आलीच नाही.

चार दिवसांनी ते त्या कच्छी ट्रकमधून सायकलसकट परतले. चेहरा काळाठिक्कर, ओठ फुटलेले. दवाखान्यात पाय ठेवताच जाहीर केलं, "चिडीचूप! कानात काय न्हाय! आवाज भायेरचाच व्हता!" बाकावर टाळ्या पडल्या. कुणीतरी पेढेसुद्धा आणले. मी हरलो म्हणून हात जोडले, पण वैद्यकशास्त्र काही हरायला तयार नव्हतं.

दुपारी बाक रिकामा झाला तेव्हा दादा पुन्हा आले. दार लोटून समोर बसले.

"डाक्टर, मी खोटा बोललो."

"म्हणजे आवाज होता?"

"व्हता. हितल्यापरीस साफ. आमचे सहाच्या सहा माग. विकून पाच वर्सं झाली, सगळे चालू. आनि त्यांच्या म्हागं, बारीक, हिराचा कांडी मशीन."

हिराबाई त्यांची पत्नी. मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या ती कारखान्याच्या कोपऱ्यात मशीनवर बसून भरायची. ती गेली आणि वर्षभरात दादांनी माग काढून टाकले.

"ती व्हती तवा मना तो मशीन कदी आयकूच आला न्हाय," ते म्हणाले. "मागांच्या खाली दबलेला असाचा. हितं आता कारखान्यांच्या आवाजाखाली दबतो. तिथं सगळा बंद झाला, तवा एकटा वर आला. मी बसूनच ऱ्हायलो, डाक्टर. उन्हं उतरली तरी."

मी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला.

"तुमचा यंत्र लावला, तं तो जाईल?"

खोटं बोलावंसं वाटलं. बोललो नाही. "कमी होईल, दादा. कदाचित आधी तोच जाईल. बारीक आहे ना."

त्यांनी मान हलवली. मग पायजमा वर सरकवून दोन्ही पाय माझ्यासमोर टेबलाच्या कडेला टेकवले.

"कान ऱ्हाऊ द्या. गुडघे बगा. फुडच्या थंडीत मना परत जावाचा हाय."

मी गुडघे तपासले. एरवी दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी मी ते फार वेळ केलं, कारण मान वर करून त्यांच्याकडे पाहायची माझी हिंमत नव्हती.