माइकवाले अण्णा कोडिंग शिकतात

दिगंबरअण्णा कॉम्प्युटरला 'मंडळी' म्हणायचे. समोर एक जुनाट मॉनिटर आणि टेकू दिलेला कीबोर्ड, आणि हे गृहस्थ खुर्चीत ताठ बसून, घसा खाकरून जाहीर करायचे, "मंडळी, आता पुढचा कार्यक्रम." मग एंटर दाबायचे. पुढचा कार्यक्रम म्हणजे बहुतेक वेळा लाल अक्षरांतली चूक असायची. अण्णा तसूभरही डगमगत नसत. "काही तांत्रिक अडचणीमुळे थोडा विलंब होत आहे," असं त्या मॉनिटरला सांगून ते माझ्याकडे वळायचे.

बिदरच्या नौबाद भागात आमच्या माडीवर मी कॉम्प्युटरचा क्लास चालवते. माझं माहेर महाराष्ट्रातलं उदगीर आणि सासर कर्नाटकातलं बिदर, त्यामुळे दोन्ही राज्यांतले नवशिके माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत, आणि त्यांचे प्रश्न मला तोंडपाठ आहेत. कोणती भाषा आधी शिकू? गणित लागतं का? माझं वय तर उलटून गेलं नाही ना? आणि काल चालत होतं ते आज का चालत नाही? अण्णांनी हे सगळे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारले, त्यांची उत्तरंही स्वतःच दिली, आणि पुढच्या रांगेतली खुर्ची ओढून बसले. त्यांचं वय साठीच्या पुढचं. बाकीचे विद्यार्थी त्यांच्या नातवंडांच्या वयाचे.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर अण्णांना पाहिलं नसेल एखाद वेळेस, पण ऐकलेलं नक्की आहे. ठाणाकुशनूरच्या लग्नापासून कोळारच्या कारखान्यातल्या रक्तदान शिबिरापर्यंत जिथं माइक, तिथं अण्णा. कुस्त्यांचे फड, जयंतीच्या मिरवणुका, जत्रेत हरवलेली पोरं, सगळं त्यांच्या आवाजानं पार पडायचं. "सगळ्यांनी ऊटा करून जावा, बन्नी बन्नी, कोई बी भुका नक्को जाव," हे त्यांचं पेटंट वाक्य. ऊटा म्हणजे जेवण, बन्नी म्हणजे या; मराठी, कन्नड आणि दखनी अशा तीन भाषा त्यात आहेत, पण मांडवातल्या कुणाला ते कधी जाणवलंही नाही. लोक ऐकायचे आणि पंगतीला बसायचे.

क्लासला का आलात, हे विचारायची वेळ त्यांनी माझ्यावर आणली नाही. पहिल्याच दिवशी उभं राहून त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. "सर्वांना कळवण्यात येतं की माझ्या घशात गाठ निघालीय. आवाजाची पेटी काढावी लागंल म्हणून हैदराबादच्या डॉक्टरनं सांगितलंय. संक्रांत झाली की आपरेशन. तवर मॅडम मला प्रोग्रॅम शिकवायलेत, तरी कुणी मधी गोंधळ घालू नये." अण्णा खाली बसले आणि पहिला डाऊट विचारला.

त्यांना काय हवं होतं, ते सरळ होतं. ऑपरेशनच्या आत आपल्या आवाजात शब्द रेकॉर्ड करून ठेवायचे आणि पडद्यावर बटणं करायची. एक दाबलं की एक शब्द, तीन दाबली की तिन्ही जोडून वाक्य. तयार ॲप मिळतात, लिहिलेलं वाचून दाखवतात, असं मी सुचवलं. ते म्हणाले, त्यो दुसऱ्याचा आवाज हाय. मग मोबाइलवरच रेकॉर्ड करून ठेवा, असं म्हटलं. त्यात वाक्य जुळत न्हाई, म्हणाले. "डॉक्टरनं जीव बघावा. आवाजाचं माझं मी बघतो." दिवाळी होऊन गेली होती. संक्रांतीला फार दिवस नव्हते, आणि चुकलं तर पुन्हा रेकॉर्ड करायला आवाजच राहणार नव्हता.

आम्ही सगळे धरून चाललो की अण्णा धंदा वाचवायला बघतायत. पुढं मांडवात लॅपटॉप घेऊन बसतील आणि बटणावर पंगती उठवतील. मलाही तसंच वाटलं, आणि त्यात गैर काही नव्हतं.

पहिला घोटाळा भाषेवरून झाला. मी पायथन शिकवायला घेतलं, तर अण्णांना एकच भाषा शिकणं कमीपणाचं वाटलं. एका भाषेत बिदरात लग्न तरी लागतंय का, असा त्यांचा सवाल. घरी जाऊन त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितले, एक हिंदीतून, एक कन्नडमधून, एक तेलुगूतून. तिघं शिकवत होते तीन वेगवेगळ्या भाषा. दुसऱ्या दिवशी अण्णांनी जी फाइल आणली तिची सुरुवात पायथनमध्ये होती, मधला भाग सीमध्ये आणि शेवट जावात. इतक्या आत्मविश्वासानं केलेली चूक मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पडदा लालेलाल झाला. एका फाइलीत एकच भाषा चालते, असं मी समजावलं, तेव्हा अण्णांना रागापेक्षा कीव आली. आमच्या नाक्यावरच्या पानवाल्याला चार भाषा कळतात, म्हणाले, आणि ह्याला एवढं लाइट खाऊन एकच कळती.

मग शून्याचं प्रकरण. यादीतली मोजणी शून्यापासून होते, हे नवशिक्यांच्या घशाखाली लवकर उतरत नाही. अण्णांच्या तर मुळीच नाही. स्टेजवर बोलवायची यादी त्यांनी आयुष्यभर केलेली. पहिला मान मामाचा. आता मामा शून्यावर बसणार? मामा रुसला तर लग्न मोडतं, याची त्यांना पक्की माहिती होती. शेवटी त्यांनी यादीत सर्वांत आधी 'हॅलो माइक टेस्टिंग' घातलं, ते शून्यावर गेलं, आणि मामा इज्जतीत एक नंबरवर बसला. मी बरीच वर्षं शिकवतेय, पण शून्याची इतकी समाधानकारक व्यवस्था कुणी लावलेली मला आठवत नाही.

व्हेरिएबलना, म्हणजे प्रोग्रॅममध्ये किंमत साठवायच्या कप्प्यांना, ते नात्यांची नावं द्यायचे. सतत बदलणाऱ्याला 'सोयरा', कधीच न बदलणाऱ्याला 'आत्या', आणि जागा अडवून काहीच काम न करणाऱ्याला 'जावई'. चूक सापडेनाशी झाली की उभं राहून पूर्ण प्रोग्रॅम माइकच्या आवाजात वाचून काढायचे. "जर सोयरा बराबर पाच, तर आत्याला बोलवा!" खालच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायची. गंमत अशी की वाचता वाचता चूक हटकून सापडायची. आता मी सगळ्यांनाच मोठ्यानं वाचायला लावते. पद्धत माझी म्हणून सांगते.

सगळ्यात मोठा कार्यक्रम झाला तो लूपचा, म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या चक्राचा. त्या दिवशी अण्णांनी घरचा कर्णा आणून माझ्या कॉम्प्युटरला जोडला होता, खिडकीकडं तोंड करून. चाचणीसाठी ते पंगतीचं पेटंट वाक्यच घेतलं होतं. लूप कुठं थांबायचा, हे लिहायचं राहिलं. एंटर दाबला, आणि आख्ख्या नौबादला जेवणाचं आवतण सुरू झालं. थांबेचना. मी बंद करायला धावले, तर अण्णांनी मला अडवलं. पाहुण्याला बोलवायचं आणि मधीच तोंड मिटायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दोन माणसं जिना चढून वर आली आणि लग्न कुणाचं, म्हणून विचारलं. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. माझे यजमान त्या दिवसापासून अण्णांना बघितलं की जेवण झालंय म्हणून आधीच सांगून टाकतात.

पण गडी शिकला. चुकत होता, कुरकुरत होता, तरी एक दिवस चुकला नाही. संक्रांतीच्या आठवड्यात बटणं दाबली की वाक्य जुळायला लागलं. खरे शब्द त्यांनी घरीच रेकॉर्ड केले. ते ऐकवा म्हणून क्लास मागं लागला, तर ह्या माइकवाल्या माणसानं चक्क लाजून लॅपटॉप मिटला. मग ऑपरेशनला गेले.

ते परत आल्याचं कळल्यावर थोडे दिवस जाऊ दिले आणि मी त्यांच्या घरी गेले. गळ्याला पांढरी पट्टी, अंगानं उतरलेले, पण ताठ बसलेले. शेजारी कमलअक्का, त्यांच्या पत्नी, तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सोलताना त्या शेंगांकडं बघत नव्हत्या. तेव्हा मला कळलं की त्यांना दिसत नाही. साखरेनं दोन्ही डोळे गेलेले. अण्णांनी क्लासमध्ये कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

मी आल्याचं बघून अण्णांनी लॅपटॉपवर बटणं दाबली. "मॅडम आल्यात. चहा ठिवतो. तू उठू नको."

तो आवाज मी ओळखला नाही. बिदरनं ऐकलेला आवाज तो नव्हताच. हळू, जवळ बसून बोलल्यासारखा, थोडा चाचरत. पडद्यावर मी बटणं वाचत गेले. मी हितंच हाय. उंबरा आला, पाय उचल. चहा गरम हाय. औषध घेतलीस का. बाहेर कुणी न्हाई, मांजर हाय. त्यात पंगत नव्हती, मामा नव्हता, स्टेज नव्हतं. अण्णा घरात आहेत की नाहीत, हे अक्कांना आवाजावरूनच कळत होतं, आणि तेवढ्यासाठी ह्या माणसानं माझ्या माडीवर लाल अक्षरांशी झुंज घेतली होती. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत.

कमलअक्का मात्र हसत होत्या. सगळा आवाज गावात सांडून घरी यायचे, म्हणाल्या, घरात हूं आणि न्हाई, दोनच शब्द. आता पेटी गेली तर दिसभर बोलायलेत. मग शेंगा चाचपत म्हणाल्या, "फकस्त माझं नाव न्हाई त्यात. जन्मभर 'आगं ऐकलीस का' केलं. एकदा तरी घ्यायचं होतं नाव."

थट्टाच होती ती. पण अण्णांचा चेहरा पडला. सगळं आठवून आठवून रेकॉर्ड केलेलं, आणि हे राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पिशवीभर सीड्या आणि पेनड्राइव्ह घेऊन माडीवर हजर. त्यांनी गाजवलेल्या लग्नांची शूटिंगं होती ती. कुठल्यातरी कमलचं नाव त्यांनी कधीतरी माइकवर घेतलं असेल, ते शोधायचं होतं. आजकालच्या नवऱ्या सगळ्या श्रेया नाहीतर अनन्या. आम्ही वराती पाहिल्या, रुसवे पाहिले, पंगती पाहिल्या. शेवटी ठाणाकुशनूरच्या एका लग्नात ती सापडली. "मुलीची आजी कमलबाई यांनी स्टेजवर यावं!" मी 'कमल' तेवढं कापून दिलं. मागचा बँडबाजा काही निघाला नाही.

अण्णांनी खुणेनं मला सोबत घरी नेलं. अक्का त्याच जागी बसल्या होत्या. अण्णांनी बटण दाबलं, आणि त्या एवढ्याशा खोलीत मांडवातला आवाज बँडसकट घुमला. "कमल!"

अक्कांच्या हातातली शेंग पडली. "एवढं वरडायला मी काय स्टेजवर यायलेय व्हय?" म्हणाल्या.

अण्णांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. एका फाइलीचा आवाज कमी कसा करायचा, हे मी कधी शिकवलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही. थोडं खोडलं, थोडं लिहिलं, एकदा पडदा लाल झाला, पुन्हा झाला नाही. पुन्हा बटण दाबलं. ह्या खेपेला बँड लांब गेला होता आणि नाव अगदी हळू आलं.

अक्कांनी पदराला हात पुसले. मग, जणू शेजारच्या खोलीतून कुणी बोलावलं असावं तशी, त्यांनी ओ दिली.

अण्णांनी पुन्हा बटण दाबलं. त्यांनी पुन्हा ओ दिली.